जड शब्दाला एक ताट डाळ

मंदी म्हटलं की मला दामूभाऊ तायडे आठवतात. आणि मंदी हल्ली एकतर आलेली असते, नाहीतर येणार म्हणून पेपरात असते, त्यामुळे दामूभाऊंची आठवण यायला वेगळं निमित्त लागत नाही. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. अकोल्याचं ऊन आयुष्यभर डोक्याला पांढरा दुपट्टा बांधून पचवलेला हा माणूस शेवटी अमरावतीत, लेकीच्या घरी, कूलरच्या गार वाऱ्यात गेला. त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, म्हणाल्या, "जिंदगीत पयल्यांदा आराम केला, अन् तोबी सोसला नाई त्याईले." हे त्या रडता रडता म्हणाल्या आणि मग आम्ही दोघी रडता रडता हसलो.

मी मूळची अमरावतीची. आजोबा पौरोहित्य करायचे, वडील वकील. कामगारांशी आमच्या घराचा संबंध एवढाच, की वडिलांकडे कधीमधी मालकांच्या बाजूचे खटले यायचे. मला अकोल्यात ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि ओळखीच्या ओळखीने दामूभाऊंच्या घराची वरची खोली मिळाली. खोली बघायला गेले तेव्हा ते अंगणात सायकल उलटी करून तिची चेन बसवत होते. मी भाड्याचं विचारलं.

"भाड्याचं काकूशी बोला," हात काळे झालेले तसेच वर धरून ते म्हणाले. "मले एक सांगा मॅडम, तुमी अर्थशास्त्र शिकवता नं? मंग मंदी कधी येईन?"

मी म्हटलं, असं काही सांगता येत नाही.

"मी सांगतो. आल्यातच जमा हाय," ते म्हणाले, आणि पुन्हा चेनीकडे वळले.

उंच, किडकिडीत, पांढरा हाफशर्ट, चष्म्याला मागून काळा दोरा. गाव नांदगाव खंडेश्वरकडचं. घराण्यात खुर्चीवर बसायची नोकरी मिळालेले ते पहिले. वीज खात्यात कारकून होते, पण कारकुनी हा त्यांचा जोडधंदाच म्हणायचा. खरा धंदा मार्क्सवाद. बैठकीत बुद्धाची मूर्ती होती आणि शेजारी चौकटीत दाढीवाल्या तत्त्वज्ञाचा फोटो. त्यांच्या रविवारच्या वर्गाला नवीन आलेल्या बाया दोघांनाही हात जोडायच्या. बुद्धाला जोडायच्या ते जोडायच्याच, पण हे दाढीवाले बाबा कोणते, कुठल्या गावचे, अशी हळूच चौकशीही करायच्या. मी एकदा दामूभाऊंना म्हटलं, तुम्ही त्यांना सांगत का नाही? तर म्हणाले, "सांगू नं पुढच्या रविवारी. आज पाया पडली तं पडू द्या. कोनाचं काई बिघडून नाई राहिलं."

मंदीची चाहूल त्यांना कुठूनही लागायची. मालधक्क्यावर ट्रक जास्त वेळ उभे दिसले, न्हाव्याकडे बाकावर गर्दी कमी दिसली, चौकातल्या हॉटेलातला आलुबोंडा लहान झाला, की दामूभाऊ घरी येऊन दुपट्टा सोडता सोडता जाहीर करायचे, "सुमन, आली." काकू अंगणवाडीत आयुष्य काढलेल्या, अफवांना न घाबरणाऱ्या. त्या चुलीवरून मान न वळवता म्हणायच्या, "लगन झालं तेव्हापासून ह्याची मंदी येऊनच राहिली. माह्या बहिनीच्या नवऱ्यासारखी. निघालो निघालो म्हंते अन् घरीच राह्यते." दामूभाऊ यावर कधी चिडले नाहीत. बायकोच्या विनोदावर मनापासून हसणारा तो माणूस होता, आणि असे नवरे मी फार पाहिलेले नाहीत.

दर रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात वर्ग भरायचा. औद्योगिक वसाहतीतल्या एका डाळ मिलमध्ये काम करणाऱ्या बाया यायच्या. त्यांच्या युनियनचे अध्यक्ष, सचिव आणि शिपाई असं सगळं दामूभाऊच होते. बायांचं काम डाळ निवडायचं. तूर भरडून, सोलून, डाळ होऊन आली की तिच्यातले खडे, काळे दाणे, साल न सुटलेले दाणे बोटांनी वेचून काढायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मांडी घालून, समोर डाळीचा ढीग, डोळे त्यात. धूळ इतकी, की घरी गेल्यावर लेकरं आईला आधी अंगणात झटकायची.

या वर्गाची एक रीत होती आणि ती काकूंनी पाडली होती. मी यायच्या आधीची गोष्ट. मोठ्या शहराकडचे एक कार्यकर्ते आले होते, तरुण, हुशार, खादीचा झब्बा. ते मांडी घालून बोलायला बसले आणि अंतर्विरोध, वस्तुकरण, उत्पादनसंबंध असे एकेक शब्द सोडत गेले. बाया आधी माना डोलवत होत्या, मग त्याच माना खाली गेल्या. रुखमाबाई नावाची एक बाई तर भिंतीला टेकून चक्क घोरायला लागली. काकू आतून आल्या, डाळीचं ताट त्या कार्यकर्त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "बोलता बोलता निवडा भाऊ. तुमच्या एका शब्दाले एक ताट." त्यांना वाटलं ही वऱ्हाडी पाहुणचाराची पद्धत असेल. त्यांनी बिचाऱ्यांनी निवडली. तेव्हापासून नियम ठरला. जड शब्द वापरला आणि घरातल्या वस्तूवरून समजावून सांगता आला नाही, तर एक ताट डाळ निवडून द्यायची. बायांना दंड माफ, कारण त्या आठवडाभर तेच करायच्या.

मला पहिल्याच रविवारी 'मागणीची लवचिकता' भोवली. पण सगळ्यात जास्त दंड खुद्द दामूभाऊंना व्हायचा. 'वरकड मूल्य' असं तोंडातून गेलं, की ते स्वतःच ताटासाठी हात पुढे करायचे आणि बोलणं न थांबवता निवडायला लागायचे. डाळ निवडणारा मार्क्सवादी मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांचं सगळ्यात चांगलं बोलणं मी ते ताटावर वाकलेले असतानाच ऐकलं. मान खाली, बोटं डाळीत, आवाज हळू. समोर बायांनी गच्च भरलेला व्हरांडा आणि त्यांच्या पदरांशी खेळणारी लेकरं.

मंदी कशी येते हे ते दरवर्षी नव्याने सांगायचे. शेजारी शेजारी दोन मिला धरा, म्हणायचे. हा जास्त डाळ काढते मनून तो आनखीन जास्त काढते. जास्त काढाची तं मजुरी कमी कराव लागते. मजुरी कमी झाली तं डाळ घेईन कोन? माल गोदामात अन् मानूस उपाशी. एवढं सांगून ते थांबायचे आणि बायांकडे बघायचे.

"म्हंजे दाय जास्त झाली मनून आमच्या घरी वरन नाई?" रुखमाबाईंनी एकदा विचारलं. त्या डाळीला दायच म्हणायच्या, आणि झोप लागली नाही तर वर्गातला सगळ्यात जोरदार आवाज त्यांचा असायचा.

"हाव."

"हे तं येड्याचं काम हाय."

"तेच तं मी इतक्या वर्षापासून सांगून राहिलो बापा," दामूभाऊ म्हणाले. ते इतके खूश झाले, की त्या दिवशी चहाबरोबर सगळ्यांना आलुबोंडे आले, लहान झालेले का होईना.

एका रविवारी त्यांनी वर्गात सुईदोरा आणला. कारण साधं होतं. कुणीतरी मुलाच्या शर्टाचं बटण लावून द्या म्हणून शेजारणीला म्हणत होती आणि ते त्यांच्या कानावर पडलं. त्यांनी एकेकीच्या हातात सुई दिली आणि दोरा ओवायला सांगितलं. आधी हसणं झालं, चेष्टा झाली. मग हळूहळू व्हरांडा गप्प झाला. चाळिशीही न गाठलेल्या बाया सुई डोळ्यांजवळ नेत होत्या, लांब धरत होत्या, दोऱ्याचं टोक थुंकीने ओलं करत होत्या. रुखमाबाईंनी चार वेळा प्रयत्न केला आणि सुई दामूभाऊंच्या हातात परत दिली. "भोक कुठी हाय तेच दिसत नाई भाऊ," त्या म्हणाल्या. "बोटाले समजते पन डोयाले नाई समजत."

दामूभाऊ त्या दिवशी दाढीवाल्या बाबांबद्दल काही बोलले नाहीत. दुपारभर व्हरांड्यात बसून त्यांनी मागण्यांचा कागद तयार केला. मजुरी, सुट्टी, पाणी, संडास या नेहमीच्या मागण्या होत्याच. त्यांच्या खाली त्यांनी नवीन मागणी घातली, की डोळ्यांना आणि छातीला अपाय करणारं निवडायचं काम माणसांकडून करून न घेता यंत्राने करावं. मला वाचून दाखवताना त्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "मॅडम, मशीन काय वाईट असते काय? मशीननं मानसाचे डोये वाचले पाह्यजेत. त्याच्यासाठीच तं हाय ते."

मिलचे सेठजी वर्षानुवर्षं दामूभाऊंच्या प्रत्येक मागणीला हात जोडून नाही म्हणायचे. गोरे, गोल, गोड बोलणारे. कार्यालयात बोलावून चहा पाजायचे आणि नाही म्हणायचे. या वेळी मात्र ते कागद वाचत वाचत खाली आले, शेवटच्या मागणीवर थांबले आणि म्हणाले, "कामरेड, बाकी का बाद में देखेंगे, पन ही तुमची मागनी मला एकदम मंजूर आहे. बायांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे." त्यांनी तिथल्या तिथे पेढे मागवले. डाळ निवडणारं सॉर्टेक्स मशीन आणतो, म्हणाले.

युनियनच्या आयुष्यातला तो पहिला विजय होता. मिलच्या फाटकापासून दामूभाऊंच्या घरापर्यंत बाया गुलाल उडवत आल्या. सायकल हातात धरून मधोमध दामूभाऊ, केसांपासून चपलेपर्यंत गुलाबी. काकूंनी ओवाळलं. मीही वरून फुलं टाकली. अर्थशास्त्राची पदवी असलेली मी, फुलं टाकत होते. आमच्यातल्या कुणालाही काही कळलं नाही, आणि आनंदच एवढा होता की कळायला जागाही नव्हती.

पुढच्या रविवारी वर्ग भरला. विषय ठरलेला होता, यंत्रं. हे प्रकरण ते तीसेक वर्षं शिकवत आले होते. ताट मांडीवर होतंच, कारण सुरुवातीलाच काहीतरी जड बोलून गेले होते. "मालक मशीन काहून आनते?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर द्यायला लागले. "त्याले तुमच्या डोयाची कीव येते मनून नाई आनत. धा बायांचं काम एका मशीनवर झालं, की धा बाया..." इथे ते थांबले.

वाक्य पूर्ण झालं नाही. व्हरांड्यातल्या बाया त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि डाळ निवडायला लागले. बराच वेळ ते नुसते निवडत होते. ताटातले खडे संपले तरी त्यांची बोटं डाळ इकडून तिकडे करत होती. सगळ्यात आधी रुखमाबाई उठल्या, मग बाकीच्या. जाताना लेकरांनाही गप्प केलं होतं.

मशीन आलं. त्याच्या आत म्हणे कॅमेरे असतात, डाळ वरून पडत असते आणि वाईट दाणा दिसला की हवेची फुंकर मारून त्याला बाजूला उडवतात. दामूभाऊंनी धावपळ केली ती पाहवत नव्हती. यंत्र चालवायला आमच्याच बायांना शिकवा, अशी नवी मागणी घेऊन ते सेठजींकडे गेले. सेठजींनी चहा पाजला आणि नाही म्हणाले. मशीनबरोबर बाहेरगावचे दोन मुलगे आले होते, तेच ते चालवणार होते. मग बाया फाटकासमोर बसल्या. अकोल्याचा वैशाख, सावलीला एक बाभूळ. दामूभाऊ रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसायचे आणि सगळ्यांच्या शेवटी उठायचे. आपल्या डोक्याचा दुपट्टा भिजवून एखाद्या म्हातारीच्या डोक्यावर टाकायचे. कुणी त्यांना दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं ते काकूंना म्हणाले होते.

शेवटी पिशव्या भरण्याच्या कामावर चारपाच जणींना ठेवलं आणि बाकीच्यांना घरी पाठवलं. रुखमाबाई घरी पाठवलेल्यांत होत्या.

त्यानंतर रविवारी व्हरांडा रिकामा राहू लागला. दामूभाऊंनी वर्ग बंद केला होता. दाढीवाल्या बाबांचा जाडजूड ग्रंथ कापडात गुंडाळून कपाटावर गेला. न्हाव्याच्या बाकावरची गर्दी ते मोजेनात, आलुबोंड्याकडे बघेनात. काकू मुद्दाम म्हणायच्या, "आज ट्रक लय उभे दिसले बापा स्टेशनवर." तर ते नुसतं "असन" म्हणायचे. मला त्या घरात तेव्हा राहवत नसे. मंदीची वाट बघणारा दामूभाऊ चेष्टेचा विषय होता, पण वाट न बघणारा दामूभाऊ बघून जीव तुटायचा.

एका रविवारी मी वरून पाहिलं तर रुखमाबाई व्हरांड्यात एकट्याच बसलेल्या. भिंतीला टेकून, पाय पसरून, झोपायच्या त्याच जागेवर. दामूभाऊ आतून बाहेर येईनात. मग रुखमाबाईंनीच हाक मारली.

"भाऊ, वर्ग नाई काय आज?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी काम सोडून आलो," रुखमाबाई म्हणाल्या. आमच्या वऱ्हाडात बायाही स्वतःला असंच, पुरुषासारखं म्हणतात. "काम तं हायेच नाई मना, पन सोडून आलो."

दामूभाऊ दारात आले. उंबऱ्याच्या आतच उभे राहिले. "कायचा वर्ग, रुखमा? मले शिकवता येत नाई. शिकवता आलं असतं तं तुह्यं काम गेलं असतं काय?"

"मागनी कागदावर तुमी लिवली. गुलाल कोनं उधयला? तुमी एकट्यानंच उधयला काय?" त्या म्हणाल्या. "माहे डोये जाऊन राह्यले होते, ते खरं होतं. तुमाले दिसलं ते. दुसऱ्या कोनाले दिसलं? आता उलीसक बरं दिसते मले. रोज वरन नाई, पन दिसते." मग थोडं थांबून, "त्या दिवशी धा बायांचं सांगत होते तुमी. ते अर्धंच राह्यलं. पुरं सांगा."

दामूभाऊ खाली बसले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. काकू ताट घेऊन आल्या. वर्ग पुन्हा सुरू झाला, आधी एकीचा, मग पाचसात जणींचा. कुणी धुणीभांडी करून यायच्या, कुणी बांधकामावरून. मी त्या रविवारी जिन्यातच बसून राहिले, खाली गेले नाही.

आणि मग मंदी खरंच आली. दामूभाऊंनी जाहीर करायच्या आधीच आली. एका मिलने मशीन आणलं म्हणून दुसऱ्याने आणलं, दुसऱ्याने आणलं म्हणून तिसऱ्याने, आणि वसाहतीत जिकडेतिकडे चकचकीत डाळीचे डोंगर उभे राहिले. घेणारा हात आखडून बसला. आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी, मग मशीनबरोबर आलेले मुलगे आपल्या गावी गेले. एका रविवारी वर्ग चालू असताना फाटकाशी मोटार थांबली आणि सेठजी उतरले. हातात आपल्याच मिलच्या डाळीची पिशवी, भेट म्हणून आणलेली. चेहरा उतरलेला. बायांनी सरकून जागा करून दिली. दुसरं काही करणं त्यांना सुचलंही नसतं.

"कामरेड," सेठजी म्हणाले, "मिल बंद करतोय. तुम्ही म्हणत होतात ते हेच का?"

दामूभाऊंनी आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण व्हरांड्यात येऊन बसला होता. मी त्यांच्याकडे बघत होते. ते म्हणाले, "चहा घ्या आधी."

चहा झाला. सेठजी बोलत सुटले. बँकवाले असं म्हणतात, व्यापारी तसं म्हणतात, सगळा प्रॉब्लेम ओव्हरकपॅसिटीचा आहे. हा शब्द पडला आणि बायांनी एकमेकींकडे बघितलं. काकू आत गेल्या. सेठजींनी आणलेलीच पिशवी फोडून त्यांनी डाळ ताटात ओतली आणि ताट सेठजींच्या मांडीवर ठेवलं. दामूभाऊंनी नियम समजावून सांगितला. सेठजी कसनुसं हसले, पण माणूस वाईट नव्हता, त्यांनी बाह्या वर केल्या. बोटांनी डाळ इकडे केली, तिकडे केली. ताट जरा हलवलं.

"यात काहीच नाही," ते म्हणाले.

"तेच तं हाय सेठजी," रुखमाबाई म्हणाल्या. "आमच्यासाठी काईच नाई राह्यलं त्यात."

त्यांचा आवाज चढला नव्हता. सेठजींनी ताट खाली ठेवलं नाही. कितीतरी वेळ ते तसेच त्या स्वच्छ डाळीत बोटं फिरवत बसले होते, आणि दामूभाऊंनी हळूच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. निघताना सेठजींनी सगळ्यांना हात जोडले, आणि दामूभाऊ त्यांना मोटारीपर्यंत सोडून आले. परत आल्यावर म्हणाले, "बिचारा भेवून राह्यला. त्याले कोनी पयलेच सांगतलं नाई." त्या दिवशी ते 'आली' असं म्हणाले नाहीत, नंतरही कधी म्हणाले नाहीत.

पुढे माझी बदली अमरावतीला झाली आणि रोजची भेट सणावारावर आली. दामूभाऊंच्या डोळ्यांवर आधी पडदा आला, मग डोक्यात. नावं विसरायला लागले, रस्ते विसरायला लागले. एकदा बंद पडलेल्या मिलच्या फाटकासमोर दुपारभर बसलेले सापडले. लेक अमरावतीत परिचारिका, ती दोघांनाही घेऊन आली. योगायोग असा, की रुखमाबाईही मुलापाठोपाठ अमरावतीतच आल्या होत्या. मुलगा ऑटो चालवतो, त्या एका कोचिंग क्लासच्या मेसमध्ये पोळ्या करतात. रविवारी मेसला एक वेळची सुट्टी असते. तेवढ्या वेळात मुलगा त्यांना दामूभाऊंकडे सोडून जायचा.

मी शेवटची गेले ती अशाच एका रविवारी. दामूभाऊ गॅलरीत खुर्चीवर, मांडीवर ताट, ताटात डाळ. मला त्यांनी ओळखलं नाही, पण बसा म्हणाले. मी विचारलं, काय चाललंय? तर अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाले, "माह्यावर लय दंड बाकी हाय. जिंदगीभर जड बोललो." आणि पुन्हा बोटं डाळीत. तुरीची डाळ, मॉलमधली, पिशवीबंद, स्वच्छ असायला हवी होती. पण त्यांच्या शेजारच्या वाटीत खडे जमले होते. चांगले टपोरे, हरभऱ्याएवढे.

मी स्वयंपाकघरात गेले. काकू ओट्याशी होत्या आणि रुखमाबाई खाली बसून पुढचं ताट भरत होत्या. डाळ ओतून झाल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली, त्यातून मूठभर खडे काढले आणि ताटात टाकून हाताने नीट कालवले. मी बघतच राहिले.

"नुसती दाय देल्ली तं दोन मिनिटं पाह्यते अन् ताट ठेवून देते," त्या म्हणाल्या. "मंग रडते. काम नाई मनते. मनून टाकतो." त्यांनी एक खडा बोटांत धरून बघितला, तो लहान वाटला म्हणून बाजूला केला. "मोठेच टाकतो. बारीक त्याईले दिसत नाई."

निवडून झालेल्या ताटातले खडे धुऊन, वाळवून त्या पुन्हा पदरात बांधायच्या, पुढच्या रविवारसाठी. आयुष्यभर डाळीतून खडे काढलेल्या बाईचे ते हात. काकूंनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि माझ्याकडे न बघता गॅस बारीक केला.

निघताना मी गॅलरीच्या दाराशी थांबले. नवं ताट त्यांच्या मांडीवर आलं होतं. दामूभाऊ त्यावर अगदी वाकले होते, नाक डाळीला लागेल इतके. बोटं चाचपत चाचपत गेली, थांबली, एक खडा वर आला. तो त्यांनी उजेडाकडे धरला, वाटीत टाकला, आणि चेहरा असा उजळला की मला गुलालाचा दिवस आठवला.

"रुखमा," त्यांनी आत हाक मारली, "यात अजून लय काम हाय वो."

"हाव भाऊ," आतून रुखमाबाई म्हणाल्या. "करा सावकाश."